गॅस गेला नाही

वरच्या कप्प्यात बर्फाची भिंत,
खालच्या कप्प्यात दूध नासलेलं.
नवतपाचा तिसरा दिवस.
घाटंजीचा मेकॅनिक दारातूनच बोलला,
"गॅस गेला, वहिनी. अठ्ठावीसशे लागन."
फ्रिजला त्याचा हातसुद्धा लागला नव्हता.

मी म्हटलं, मंग बर्फ कोन केला?
तो हसला. चहा पिऊन गेला.

अकरा वर्षं जिनिंगमध्ये काढली मी,
रेच्यांच्या रांगेत, तोंडाला फडकं बांधून.
कोणतं बेअरिंग कण्हतंय
हे फोरमनच्या आधी माझ्या कानाला कळायचं.
म्हणून रात्री, गाव खाटांवर पडल्यावर,
फ्रिजच्या पाठीला कान लावून बसले.
कॉम्प्रेसर चालू होता,
डब्यात भुंगा कोंडावा तसा.
आतला पंखा मात्र खर्र,
खर्र,
आणि गप्प.

मामाजींचं इन्सुलिन माठाखालच्या ओल्या रेतीत,
त्याच्या शेजारी कौतिकाबाईचं.
ती दिवसातून चारदा दारात:
"माही दवाई त नाई खराब झाली नं वो?"
मी रेतीवर पाण्याचा हबका मारायची,
तेवढंच उत्तर होतं माझ्याकडे.

सकाळी प्लग काढला.
बर्फातून एकेक गोष्ट सुटत गेली:
तुरीचे ओले दाणे, गेल्या पोळ्याचा खवा,
नणंदेच्या लग्नातला मेंदीचा कोन.
तिचा मुलगा आता अंगणवाडीत जातो.
दीर सुरी घेऊन आला, खरवडायला.
मी त्याच्या हातावर चापट मारली.
नळीला भोक पडलं
तर मेकॅनिकचं बोलणं खरं होईल.
गरम पाण्याची गंजी आत ठेवली, दार लावलं,
आणि भाकरी करायला बसले.

मग पेचकस.
चार स्क्रू, त्यातले दोन गंजलेले.
झाकणामागे कॉइल दिसेना,
नुसता पांढरा गठ्ठा, दाबून भरलेला, कापसाच्या गाठीसारखा.
यातून वारा कुठून यायचा खाली?
पाणी जायच्या भोकात कोथिंबिरीची काडी.
सायकलच्या तारेने ओढली, काळी, बोटभर.
आणि कॉइलच्या तळाशी एक काचेची नळी,
करपलेल्या कंदिलासारखी.

कुमऱ्यांची करिश्मा आयटीआयला जाते, वायरमनला.
ती टेस्टिंगचा बल्ब घेऊन आली,
दोन टोकं नळीला लावली.
बल्ब पेटला नाही.
"काकू, हीटर गेला."
हीटर? फ्रिजात?
"मंग! दिवसातून दोन-तीनदा थो तापते,
बर्फ गाळते, अन् मंग पुन्हा थंडं होते."
थंडीच्या पोटात चूल असते
हे मला कोणी सांगितलं नव्हतं.
घरात सगळ्यात आधी उठणारी मी,
मला हे सुचायला हवं होतं.

तीनशे चाळीस रुपये.
यवतमाळच्या दुकानातून नळी आली
एसटीच्या कंडक्टरच्या थैलीत,
पेपरात गुंडाळून, वर "काच आहे" लिहिलेलं.
करिश्माने बसवली. मी टॉर्च धरला.
"तुले काय समजते त्यातलं," म्हणणारे आमचे हे
दोन वेळा येऊन पाहून गेले.

लगेच लावला नाही.
रात्री शेतातले पंप सुरू झाले
की आमचा बल्ब लाल होतो, पिकल्या टेंभरासारखा.
पहाटे व्होल्टेज आलं, तेव्हा बटण दाबलं.
दाराचं रबर अजून ढिलं आहे.
पुढच्या पायांखाली फरशीचे तुकडे सरकवलेत,
आता दार सोडलं की आपसूक मागे जातं.
ते काही दुरुस्ती म्हणवत नाही,
पण चालतं.

बुधवारच्या बाजारात मेकॅनिक भेटला.
"भरला काय गॅस, वहिनी?"
मी वांग्यांचा भाव करत होते.
वांगी घेतली.

आता रात्री कूलर बंद केला
की मी थोडी जागी राहते.
कॉम्प्रेसर थांबतो. एक बारीक टिक.
मग बराच वेळ काहीच नाही.
मग मागच्या ताटलीत पहिला थेंब.
दुसरा.